डावा रूळ नांदेडचा, उजवा लातूरचा

९ एप्रिल, नांदेड
नांदेड आणि लातूर, रुळांची देखभाल करणारी दोन कार्यालयं आजपासून एक. हुकूम आला, पेढे आले. ज्यानं त्यानं आपल्या टेबलाशी खाल्ले. मी नवीन सहायक अभियंता, दोन्हीकडची, म्हणजे दोन्हीकडे परकी. रूळ दुरुस्त करणाऱ्या नांदेड गँगचे मुकादम गफूरचाचा म्हणाले, "तिकडं उदगीरवाले लातूर जिल्हा तोडा म्हणून राहिले, अन् इकडं रेल्वे जोडून राहिले. उलटंच न्हाई का, मॅडम?" मी समोर हसले नाही. जिन्यात हसले.

११ एप्रिल
दुष्काळी लातूरला पाण्याच्या टाक्यांची पहिली रेल्वेगाडी जायची आहे. दोन्ही हद्दी भेटतात तिथे काळी माती भेगाळून भराव खचलाय. रूळ १८ मिमी खाली. दुरुस्तीनंतर माझी सही, मगच गाडी.
फोन केले. नांदेड: ते लातूरचं काम. लातूर: ते नांदेडचं. मोठे साहेब: "आता हद्द राहिलीच कुठे?" आणि ठेवला फोन.
संध्याकाळी आई, लातूरहून: "नळाला अकरा दिवस झाले गं. तुझी गाडी कधी?"
माझी गाडी!

१३ एप्रिल
दोन्ही गँग एकाच वेळी बोलावल्या. लातूरचे मुकादम शिवलिंगअप्पा. कपाळभर विभूती, आवाज भोंग्याचा.
चाचा: "पाणी तुमचं अन् घाम आमचा व्हय, अप्पा?"
अप्पा: "घाम हाय का तुमच्यात? लई सावलीतले दिसताव."
वाटणी त्यांनीच केली. डावा रूळ नांदेड, उजवा लातूर. खाली खडी ठोकून रूळ उचलायचा वेग कागदावरच्या दुप्पट. मी खूश. तिथेच चुकलं.
चारला पातळी लावली. दोन्ही रूळ हवे त्यापेक्षा वर, आणि उजवा डाव्यापेक्षा ११ मिमी वर. दिवसभर एकानं उचलला की दुसऱ्यानं जास्त उचललेला.
"आमचा खाली कसा ऱ्हाईल, मॅडम?" अप्पा. अगदी मनापासून.
सही केली नाही.

१४ एप्रिल
जयंती. गँगला सुट्टी. मिरवणुकीत तासभर नाचले (पातळी न पाहता). घरी येऊन पुन्हा ११ मिमीचा हिशेब. बाजू बदलून दिल्या तर?

१५ एप्रिल
बदलल्या. उजवा नांदेड, डावा लातूर. आता जास्तीची खडी काढायची, म्हणजे समोरच्याचं काम उकरायचं. असं आनंदानं उकरताना माणसं मी पाहिली नव्हती. "ही काय ठोकणी हाय का, का पापड लाटले?" चाचा. अप्पांचं उत्तर इथे लिहीत नाही.
दुपारी चाचांनी अप्पांच्या डब्यातली धपाटी खाल्ली. "मीठ कमी हाय." चार खाल्ली.
तीनला पातळी. उंची बरोबर, फरक २ मिमी. सही केली. गाडीला वेग ताशी १५ किमी, जास्त नाही.

१७ एप्रिल
गाडी गेली. शेवटची टाकी दोन हद्दींच्या सांध्यावरून पार होईपर्यंत टाक्या मोजत राहिले. दोन्ही गँग रुळाच्या दोन बाजूंना, हात कमरेवर, आपलं-आपलं बघत. आईचा फोन: "आली म्हणतात गं गाडी. घागरी घासून ठेवल्यात."
गाडीमागे लगेच मोजलं. एका बाजूचा रूळ ३ मिमी खचलाय. दुसरी गाडी परवा. त्याआधी परत ठोकायला हवं, परत सही.
चाचा आणि अप्पा, दोघेही माझ्या खांद्यावरून वहीत डोकावत होते.
"बाजू कुणाची, मॅडम?"
वही मिटली. सांगितलं तर दुसरी 'ते त्यांचं काम' म्हणेल, आणि उद्या एकच गँग येईल.