ओळखीची नळी

३ तारीख, सोमवार

नवी नोकरी, नवी खोली, नवी वही! खोली माकडघराच्या मागेच आहे. खिडकीतून मला पिंजरे दिसतात आणि माकडांना मी दिसते, त्यामुळे कोण कोणाला बघायला आलंय हा प्रश्नच आहे. पहिल्या दिवशी मला बघून सगळ्यांनी किंचाळून नुसता उच्छाद मांडला.

काम आवडीचं आहे. रानातल्या माकडांची विष्ठा येते, इथल्या माकडांचं रक्त असतं. दोन्हींतून रोगाशी लढणाऱ्या जनुकांच्या खुणा वाचायच्या. आपलं कोण आणि परकं कोण, हे शरीर याच खुणांवरून ओळखतं. आम्ही मुख्य सहा बघतो.

मला हे सगळं आधीच तोंडपाठ आहे, कारण दोन महिने आमच्या घरात दुसरा विषयच नाही. धाकट्या भावाचं रक्त बिघडलंय, बोनमॅरो बदलायला हवा. आईबाबांच्या खुणा निम्म्याच जुळल्या, त्यावर डॉक्टरांचा भरवसा नाही. माझ्या सहाच्या सहा जुळल्या. २८ तारखेला मी देणार. तो म्हणतो, तायडे, तुझं रक्त चढलं की मीपण तुझ्यासारखा भांडकुदळ होणार. मुंगळा कुठला! लहानपणी पाठीला असा चिकटायचा की सोडवता सोडवत नसे, म्हणून मुंगळा.

५ तारीख, बुधवार

इथली एक पद्धत कळली. दर वेळी नमुन्यांबरोबर एक 'ओळखीची नळी' लावायची, म्हणजे जिचं उत्तर आधीच माहीत आहे असं रक्त. ते बरोबर आलं तर बाकीचंही खरं मानायचं. मोठे सर म्हणाले, इथे जो येतो तो स्वतःचंच रक्त देतो, ताजं आणि घरचं. मीही दिलं. सहाच्या सहा बरोबर आल्या. शेजारच्या नळीत थोरली होती.

थोरली ही नऊ नंबरच्या पिंजऱ्यातली म्हातारी माकडीण. पिंजरे झाडणाऱ्या मामांनी ओळख करून दिली. म्हणाले, हिला शेंगदाणे नकोत, पेन पाहिजे. खरंच, जाळीतून हात काढून ती माझं पेन मागत होती! मी हसले आणि पेन खिशात ठेवलं. माझ्या आधी इथे एक बाई होत्या. त्या एक दिवस बॅग उचलून गेल्या, कुणाला 'येते' म्हणूनसुद्धा नाही.

११ तारीख, मंगळवार

ओळखीच्या नळीत पाच बरोबर, एक चूक. सहावी खूण थोरलीची होती. नळ्यांची अदलाबदल मीच केली असणार, वेंधळी कुठली. सरांचा मंत्र एकच आहे, शंका आली की पुन्हा कर. पुन्हा केलं.

चार बरोबर. थोरलीच्या रांगेत दोन खुणा माझ्या.

१४ तारीख, शुक्रवार

नवी सुई, नवं रक्त, नवी रसायनं. तीन.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांना फोन केला. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, या खुणा जन्मापासून मरेपर्यंत बदलत नाहीत, तुमचं यंत्र बिघडलंय, तुम्ही जरा विश्रांती घ्या. त्यांचंच बरोबर असू दे. सरांनी यंत्र तपासायला कंपनीच्या माणसाला बोलावलंय, पण तो आठवडाभराने येणार.

माकडं आता मला बघून ओरडत नाहीत. आज एकीनं जाळीतून हात घालून माझ्या केसांत उवा शोधल्या. मामा खूप हसले. मला हसू आलं नाही.

२१ तारीख, शुक्रवार

धाकट्याची औषधं आज सकाळी सुरू झाली. त्याचा स्वतःचा मॅरो पार मारून टाकायचा आणि मग माझा द्यायचा. आता मागे फिरायला वाट नाही. आई फोनवर सांगत होती, उलट्या करता करता विचारतोय, तायडी पळून तर नाही ना गेली.

दुपारी कंपनीचा माणूस सांगून गेला, यंत्र ठणठणीत आहे.

मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

२२ तारीख, शनिवार

चार! एक परत आली! म्हणजे परत येतात. देवा, येतात. पुन्हा लावते.

दुपारी — दोन.

२४ तारीख, सोमवार

कपाटात आधीच्या बाईंची वही सापडली. अकरा वेळा पुन्हा केलंय त्यांनी. सहा, पाच, चार, परत पाच, तीन... शेवटच्या पानावर शून्य. त्या दिवशी बाईंच्या रक्तात ज्या परक्या खुणा आल्या, त्या थोरलीच्या ५ तारखेच्या खुणांशी ताडून पाहिल्या. तंतोतंत त्याच. शून्याच्या दुसऱ्या दिवशी बाई बॅग उचलून गेल्या.

मग गेलं कोण? आणि नऊ नंबरात पेन कोण मागतंय?

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पुन्हा कर.

२५ तारीख, मंगळवार

लावणार नव्हते. शपथ घेतली होती. पण दोन खुणांवर त्याचा जीव वाचत नाही, तीनवरही नाही. एखादी परत आली तर, मग आणखी एक —

लावलं. एक.

अंगठा नीट वळत नाही. थोरली आज जाळीशी सरळ उभी होती. माणसासारखी.

२६ तारीख, बुधवार

शून्य.

थोरलीच्या सहाच्या सहा आता माझ्या. माझ्या, म्हणजे धाकट्याच्या.

२७ तारीख, गुरुवार

जाग आली ती नऊ नंबरात. मामांनी माझ्यापुढे शेंगदाणे टाकले. मला थोरली म्हणाले. मी बोलायला गेले — तो आवाज — माझा नव्हे —

वही आणि पेन हातात राहिलंय. मामा हसले, म्हणाले, मिळालं बाई एकदाचं पेन.

बाहेर ती, कालपर्यंतची थोरली. माझा कोट. माझी बॅग. फोन वाजला, आईचा. तिनं घेतला. माझ्याच आवाजात म्हणाली, हो गं आई.

ओरडले तर मामा धावतील, तिला थांबवतील. ती थांबली तर उद्या धाकटा —

नाही ओरडत.

बाई, वही जाळीतून ढकलते आहे. वाचा. तुम्हाला इथे कोंडलं होतं, मला ठाऊक आहे. मी पेन दिलं नाही. चुकलं माझं. मोकळ्या व्हा, कुठेही जा, पण आधी हॉस्पिटल. उद्या सकाळी आठ. तिसरा मजला. सहाच्या सहा आता तुमच्याकडे आहेत, दुसऱ्या कुणाकडे नाहीत. फार दुखत नाही म्हणतात. तो तायडे म्हणेल, ओ द्या. चिडवेल, तुम्ही भांडा, नाहीतर त्याला संशय — मुंगळा म्हणा त्याला. एकदाच. मग जा.

बाई, दार नंतर. आधी इकडे बघा. वही घ्या. बाई, इकडे —