तुम्ही भंगारात टाकलेले जॉब

सर, आज वर्कशॉपमध्ये विभागप्रमुखांशी माझं वाजलं आणि राग मात्र तुमचा आला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला मला तुम्हीच लागता. जिथं तुम्ही शिकवलंत तिथंच, सांगलीत, मी आता मुलांना फिटरचं काम शिकवते. खिडकीखाली मी एक फळी ठोकून घेतलीय. मुलांनी बिघडवलेले जॉब, सरावाला घासलेले लोखंडाचे तुकडे, तिथं ओळीनं मांडलेले असतात, खडूनं नाव घालून. सोमवारी तपासणीला लोक येणार, म्हणून प्रमुख म्हणाले, ‘‘मॅडम, ते भंगार तेवढं हलवा. सरांच्या वेळी असलं काही नव्हतं.’’

नव्हतंच. तुमच्या वेळी दाराशी भंगाराचं पिंप होतं. मी वर्गात एकटी मुलगी, लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये पकडून सकाळपासून कानस चालवतेय. तुम्ही येता, तुकड्याला काटकोनी गुण्या लावता, खिडकीशी धरून एक डोळा मिटता. गुण्याखालून उजेड दिसला की जॉब नापास. माझ्या जॉबला दोन्ही कडांना उजेड दिसतो. ‘‘खुरपं घासतीस व्हय गं? हितं भांगलायचं न्हाई!’’ पोरं हसतात. तुकडा खणकन पिंपात पडतो. मी विचारते, ‘‘सर, चुकतंय कुठं?’’ ‘‘हात सरळ न्हाई. दुसरा घे.’’ दुसराही तसाच जातो, तिसराही. एक डोळा मिटून तुम्हाला उजेड दिसायचा, समोर उभी असलेली मी दिसायची नाही. याचा मला अजून राग आहे.

एका संध्याकाळी मी पिंपात हात घातला आणि माझे तुकडे पिशवीत भरून एसटीनं गावी नेले. स्वयंपाकघरात ओट्यावर ओळीनं मांडले. आई म्हणाली, ‘‘आता लोखंडाचं लोणचं घालतीस काय?’’ मी प्रत्येकावर पट्टी ठेवून बघत होते. सगळे मध्ये फुगलेले, सगळे एकाच जागी. तेवढ्यात आई दुसऱ्या दिवसाच्या भांगलणीसाठी कानशीनं खुरप्याला धार लावायला बसली, आणि मी तिचा हात बघत राहिले. कानस सुरुवातीला खाली झुकायची, मध्ये वर यायची, शेवटी पुन्हा झुकायची, खुरप्याच्या वाकासारखी. लहानपणापासून माझाही हात तसाच वळलेला. तुम्ही टोमणा म्हणून बोललात तेच खरं कारण होतं सर, आणि ते तुम्हालाच कळलं नव्हतं! पुढच्याच आठवड्यात माझा जॉब पास झाला. ‘‘आता कसं!’’ म्हणालात. हे कसं जमलं, ते विचारलंही नाहीत.

एकच तुकडा बिघडला की नुसती लाज वाटते. चार शेजारी ठेवले की चूक कुठं आहे ते दिसतं. तुम्ही आम्हाला ते कधी बघूच दिलं नाहीत. परवा एक मुलगी तिरका जॉब घेऊन आली, ‘‘मॅडम, ह्यो टाकू का पिंपात?’’ पिंप मी कधीच हलवलंय. तिला म्हटलं, ‘‘फळीवर तुझ्या मागच्या जॉबच्या शेजारी ठेव आणि बघ.’’ ती बराच वेळ बघत उभी राहिली, मग आपणच म्हणाली, ‘‘माझा डावा हात लय दाबतोय.’’

म्हणून आज प्रमुखांना सांगितलं, फळी हलणार नाही, फार तर मला हलवा. माझी नेमणूक कंत्राटी आहे, दरवर्षी त्यांच्याच सहीनं वाढते. तरी सोमवारी फळी तिथंच असेल.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळायला नको आहे. मुलं गेल्यावर रागारागात मी एक तुकडा घासला. गुण्या लावून खिडकीशी धरला, एक डोळा मिटला. कुठूनही उजेड आला नाही. तो हातात घेऊन मी वळले सर, तुम्हाला दाखवायला.