निळे पडलेले पाते

मी, शांतम्मा शिवप्पा उटगे, राहणार उदगीर, जिल्हा लातूर. डोके ठिकाणावर आहे, कोणाची सक्ती नाही. माझ्यामागे भांडण नको म्हणून हे सांगून लिहवून घेते.

राहते घर लेक शिवानीला. ते ठेवायचे की विकायचे, हे ती ठरवील, जावई नाही.

पडवीतला छोटा बेल्ट ग्राइंडर, उरलेले पट्टे आणि मुठींसाठी वाळवलेली बाभूळ, हेही तिलाच. मालक वारल्यावर याच यंत्रावर मी घरच्या घरी सुऱ्या करायला शिकले. अट एकच. त्यावर भाजीची सुरी व्हावी, फार तर विळा. माणसावर उगारायचे पाते होऊ नये. अट का घातली, तेही लिहा म्हटले.

बांधावरून पुतण्या दयानंद आणि शेजारी संगमेश्वर यांचे हातघाईवर आले होते. गेल्या उन्हाळ्यात दयानंद गाडीच्या कमानपाट्याचे हातभर पाते घेऊन आला. लोहाराने पाणी देऊन कडक केलेले, धार तेवढी लावायची होती. कशाला, विचारले, तर ऊस तोडायला म्हणाला. त्याच्या शेतात ऊस नव्हता. संगमेश्वर त्या वेळी बांधावर होता, हे मला ठाऊक होते. मी नाही म्हटले असते तर तो दुसरीकडे गेला असता. मी यंत्र चालू केले.

धार लावताना पाते घडीघडी पाण्यात बुडवावे लागते. मी बुडवले नाही, दाबून धरले. कड तापून पिवळी झाली, मग निळी.

"काकू, पाण्यात घाल की."

"पाणी उतरलं याचं. आता धार टिकणार न्हाई."

त्याने पाते हिसकले. मी सोडले नाही. तळवा चिरला, उजव्या हाताची दोन बोटे तेव्हापासून मिटत नाहीत. रक्त पाहून त्याने पाते सोडले. मग त्यानेच मला दवाखान्यात नेले. बांधावर कोणी गेले नाही. पुढे सरकारी मोजणी झाली, दगड रोवले. दोघे बोलत मात्र नाहीत.

शेतातला माझा हिस्साही शिवानीला. दयानंदाला काही देत नाही, संगमेश्वरालाही नाही. राग म्हणून नव्हे. ज्याला मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले, आणि साक्षीला मला हे दोघेच हवेत.

आज सह्यांना संगमेश्वर आधी आला. दयानंद उंबऱ्यावर थांबला, आत येईना. शेवटी संगमेश्वरानेच त्याच्यासाठी खुर्ची सरकवली.

दोघांनी माझ्यादेखत आणि एकमेकांदेखत सह्या केल्या.

शांतम्मा शिवप्पा उटगे (सही डाव्या हाताची)

साक्षीदार:
१. संगमेश्वर पटवारी
२. दयानंद उटगे

उदगीर, १२ फेब्रुवारी २०२५