अर्नेस्टीनबाईंचा एकतिसावा तास

प्रिय विद्याधर,

आपल्याकडे युद्धात पहिला बाण पायाशी टाकून नमस्कार करायची रीत होती, दुसरा छातीवर. वरचं ‘प्रिय’ हा पहिला बाण समज.

तुझा शोधनिबंध छापून आला. विभागात केक कापला गेला, मी माझा तुकडा घेतला नाही. अपघातात पोट फाटलेल्या माणसांना शस्त्रक्रियेनंतर च्युइंगम चघळायला दिलं की त्यांचं आतडं एक दिवस आधी जागं होतं, हा तुझा सिद्धान्त. रुग्ण एकशे वीस, मृत्यू शून्य. येत्या सोमवारपासून टेनेसीतली आणखी अकरा रुग्णालयं तुझ्या पद्धतीने माणसांना जेवू घालणार आहेत. पण रुग्ण एकशे एकवीस होते. नावनोंदणी माझ्याकडे होती, आणि संस्कृत शिकून तुमच्या नोंदी ठेवायला आलेल्या बाईलाही एकशे एकवीसपर्यंत मोजता येतं.

एकोणीस वर्षं तुझ्यामागून राउंडला फिरले. इतक्या श्रद्धेने अपान वायूची वाट पाहणारी जमात पृथ्वीवर दुसरी नसेल. सकाळी साडेसहाला सहा शिकाऊ डॉक्टर पलंगाभोवती गोल करून उभे राहणार, तू मध्ये, देवळातल्या पुजाऱ्यासारखा, आणि प्रश्न एकच: सरला का? माणूस ‘हो’ म्हणाला की मी घड्याळ बघून शस्त्रक्रियेनंतरचा तास लिहायचा, आणि जेवणाचा ट्रे मागवायचा. कुणी ऐकलेलं नसे, कुणी तपासलेलं नसे. तुझ्या निबंधातल्या त्या देखण्या आलेखाचं सगळं मूळ या एका ‘हो’त आहे. पहिल्या वर्षी मी तुला म्हणाले होते की हे आप्तवाक्य झालं, कुणाच्या शब्दावरचा विश्वास; प्रत्यक्ष नव्हे. तू हसून म्हणालास, “मंदा, पादण्याला कुणी प्रमाणशास्त्र लावतं का?” मीही हसले. तेव्हा मला तू विनोदी वाटायचास.

अर्नेस्टीन गेन्स, वय सदुसष्ट. ट्रकने मागून धडक दिली आणि सीटबेल्टच्या पट्ट्याने आतडं फाटलं. चर्चमध्ये चाळीस वर्षं पांढरे हातमोजे घालून लोकांना जागेवर बसवणारी बाई. आपल्या वॉर्डातही ती डोळ्यांनीच सगळ्यांना बसवायची. तुझ्या पोरांना ती पहिल्या राउंडला म्हणाली होती, “तुमच्या आयांना ठाऊक आहे का, तुम्ही शिकून इथे म्हाताऱ्या बायांना काय विचारत फिरता ते?” पोरं लाजली. तू लाजला नाहीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोल करून उभा राहिलास, “मिस अर्नेस्टीन, आज तरी काही शुभवार्ता?” तिने छताकडे पाहिलं. तू थांबलास. तिने उशीचा अभ्रा सरळ केला. तू आणखी थांबलास. वाट पाहण्यात तू पटाईत आहेस, ते मी कबूल करते. शेवटी ती म्हणाली, “हो, झालं समाधान?” एकतिसावा तास. तू शिकाऊंकडे वळून ओरडलास, “एकतीस! पोरांनो, विक्रम आहे हा!” पलंगावरच्या बाईने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. ते तू पाहिलं नाहीस, तू आलेख पाहत होतास.

ट्रे आला. दुपारी उलटी झाली, ती फुप्फुसात गेली. नवव्या दिवशी ती गेली. आणि तू आठवडाभरात मला म्हणालास, “तिचं पोट सुरूच झालं नव्हतं. म्हणजे ती खोटं बोलली. नोंद भरवशाची नाही, काढून टाक.” एका फटक्यात बाई मेलीही आणि नव्हतीही. वेदान्त्यांना जे हजार वर्षांत नीट जमलं नाही, ते तू एकाही तळटीपेवाचून केलंस.

स्थालीपुलाक न्याय तुला मीच शिकवला होता, आठवतंय? शीत दाबून भाताची परीक्षा. तू तर ते शीत उचलून खिडकीबाहेर टाकलंस आणि म्हणालास, भात उत्तम शिजलाय. अरे, तिचा ‘हो’ भरवशाचा नसेल तर उरलेल्या एकशे वीस जणांचा कशावरून आहे? त्यांनाही भूक लागली होती, त्यांनाही घरी जायचं होतं, त्यांच्याही पलंगाभोवती तुझी दिंडी उभी होती. बाकीचे वाचले, इतकंच. सोमवारी अकरा रुग्णालयांत असे किती ‘हो’ म्हणवून घेतले जातील, मोज बघू.

तुझ्याबद्दल चांगलं काही आठवायचा प्रयत्न केला. तुझ्या मुलाच्या मुंजीला अख्ख्या मेम्फिसात भटजी मिळेना, तेव्हा तू माझ्या दारात येऊन उभा राहिलास, “मंदाताई, तुझे उच्चार भटजींपेक्षा शुद्ध आहेत, सांग मंत्र.” मी सांगितले. तुझी आई वर्षभर नाराज होती, तू मात्र सगळ्यांना अभिमानाने सांगत फिरलास. त्या माणसाला मी बराच शोधला. सापडला नाही, म्हणून हे पत्र तुझ्या नावाने.

तू लव्होनला, अर्नेस्टीनच्या मुलीला, स्वतः फोन करून सांगितलंस की आईने आम्हाला चुकीची माहिती दिली. काय सभ्य वाक्य आहे! मेलेल्या बाईवर ढकलायचं तर असंच, इस्त्री करून. लव्होनने मग मला फोन केला. “ममा खोटं बोलणारी नव्हती हो. चर्चच्या जत्रेत मावशीने दुकानातली पाय-पेस्ट्री घरची म्हणून मांडली, तर ममा तीन वर्षं तिच्याशी बोलली नाही. तीन वर्षं! सख्खी बहीण!” मग म्हणाली, “पण डॉक्टर म्हणतात, म्हणजे असेल.” हे शेवटचं वाक्य मला झेपलेलं नाही.

आता जे तुला माहीत नाही ते. तुम्ही सगळे पुढच्या पलंगाकडे गेलात, आणि अर्नेस्टीनने माझी बाही धरली. म्हणाली, “बाई, काही झालेलं नाही हं. पण ती पोरं हलेनातच ना समोरून. त्यांना नका सांगू, लाजेने मरेन मी.” माझ्या हातात वही होती, तीत एकतीस लिहिलेलं होतं, शाई ओली होती. खोडायला एक रेघ पुरली असती. मी विचार केला, होईलच की तासाभरात. विचार केला, विक्रम आहे, तू खूश आहेस. आणि ट्रे मागवला. तू तिला आलेखातून काढलंस. जेवू मी घातलं. तेव्हा ती खोटं बोलली नाही, विद्याधर. पाच मिनिटांत खरं बोलली, फक्त चुकीच्या बाईपाशी. त्या वहीचं पान आणि हे सगळं लेखी मी आज रुग्णालयाच्या चौकशी समितीला दिलं. संध्याकाळी लव्होन माझ्याकडे येते आहे; तिला हे मी तोंडाने सांगणार आहे, फोनवर नाही. उद्या दहाला समिती तुला बोलावेल तेव्हा मी समोरच्याच खुर्चीत असेन. माझ्यावर काय ढकलायचं ते ढकल, त्यातलं बरंचसं खरं असेल. पण ‘रुग्ण खोटं बोलली’ हे वाक्य तुझ्या तोंडून पुन्हा निघता कामा नये. तेवढंच सांगायला हे लिहिलं.

तुझीच, अपराधातली भागीदार,
मंदाकिनी