कंदीलवालीपुढची भिंत

३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा नकाशा गेल्या आठवड्यात पोचला. गुंडाळी उघडली, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले आणि तासभर नुसती बघत बसले. चार पुस्तकं झाली, पाचवं लिहायला घेतलं, तरी आपली रीत मोडायला मी तयार नाही. आधी तू देश काढायचास, मग मी त्यात माणसं सोडायची. जे नकाशात नाही ते पुस्तकात नाही. जिन्याखाली बसून आपण हा नियम केला तेव्हा मी आठ वर्षांची होते. प्रकाशकबाईंना तो वेडेपणा वाटतो. वाटू दे.

पण किनारा काय काढलायस रे! इतके दिवस तुझे किनारे कसे, नळखात्यातल्या आरेखकाला शोभतील असे गुळगुळीत. हा बघावा तर सगळा दातेरी, बारीक बारीक खाचांचा. मी मोजल्या, एकतीस भरल्या. प्रत्येक खाचेत एकेक चोरबंदर बसवलं आणि त्यावर चार प्रकरणं लिहूनसुद्धा काढली. उतारवयात तुला अक्कल फुटायला लागली म्हणायची.

एकच राहिलं. चौथ्या पुस्तकाच्या शेवटी कंदीलवालीचा कंदील विझला, ती होडीत बसली आणि जुनी कथा संपली. आता नव्या देशात तिच्यापुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळसोट भिंत येते. कंदील पुन्हा पेटेल असा विस्तव भिंतीपलीकडेच आहे. जादू गेलेल्या सतरा वर्षांच्या पोरीने पलीकडे जायचं कसं, ते मला अजून सुचलेलं नाही. भिंत डोळ्यांनी बघितली की सुचेल. आणि तू नेमकी तीच काढायला विसरलास! पट्टी धर, रेघ मार, पाच मिनिटांचं काम. लवकर पाठव बाबा. माझा पाय एका जागी ठरत नाही. काल एकच कपाट तीनदा लावलं.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो पुढच्या टपालाने भिंतीसकट पाठवावा.

तुझी,
टकळी


१४ जून

चि. टकळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टाइप केलेलं पत्र बघून दचकू नकोस. ऑफिसात जुनं यंत्र धूळ खात पडलं होतं, म्हटलं वापरून बघू. बोटांना तेवढाच व्यायाम.

चोरबंदरांचं वाचून गंमत वाटली. खाचा तुला आवडल्या हे एक बरं झालं.

भिंतीचा एवढा हट्ट कशाला? भिंत ही फार जुनी युक्ती आहे. तुला डोंगर देतो, दलदल देतो, हवी तर तीन फाटे फुटलेली नदी देतो. सरळ रेघा दिवसभर ऑफिसात बघून मला कंटाळा आलाय. सोबत जंगल पाठवतो आहे, त्यात चांगली दाट झाडी आहे. पोरीला तिथं हिंडू दे थोडे दिवस.

तुझी वहिनी मजेत. प्रकृतीस जपावे, कपाटास विश्रांती द्यावी, आणि या आळशी भावावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
दादा


३० जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जंगल मिळालं. ते घेऊन काय करू, चुलीत घालू? कंदीलवाली बारा दिवस झाडांमधून फिरते आहे आणि मी खोलीतून. खिडकी ते दार अकरा पावलं होतात, हे मला आता पाठ झालंय. चार पेन्सिलींची टोकं चावून संपली.

ज्याचं अक्षर गुरुजी वर्गभर फिरवायचे, तो माणूस बहिणीला टाइप करून पत्र पाठवतो! सरकारी नोटीस आली असं वाटलं मला. आणि एका रेघेसाठी महिना? इतका कसला भाव खातोस रे?

प्रकाशकबाईंचा काल फोन आला होता. त्यांच्याकडे एक नवा चित्रकार आहे, हात फार स्वच्छ आहे म्हणतात, दोन दिवसांत भिंत काढून देईल. मी विचार करून सांगते म्हटलं. तुलाच नको असेल तर तसं स्पष्ट कळव, म्हणजे मी मोकळी.

रागात लिहिलंय, रागातच टपालात टाकते. माया आहे तिथंच आहे, पण सध्या फुरंगटून बसली आहे.

टकळी


८ जुलै

प्रिय वन्सं यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र आल्यापासून ह्यांचं जेवणात लक्ष नाही. तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही असं लिहिलंच नसतं.

गेल्या हिवाळ्यापासून ह्यांचा उजवा हात थरथरतो. आधी चहाचा कप अर्धाच भरून दे म्हणाले, मग शर्टाची बटणं मी लावायला लागले. ऑफिसात साहेबांनी चांगुलपणाने नकाशाच्या टेबलावरून उठवून फायलींच्या खोलीत बसवलं. घरी येऊन म्हणाले, बढती मिळाली. मीही पेढे मागितले नाहीत, त्यांनीही दिले नाहीत.

वन्सं, त्या खाचा ह्यांनी काढल्या नाहीत. त्या पडल्या.

तुमच्या भिंतीसाठी अकरा कागद झाले. सगळे गादीखाली सापडले, एकही रेघ सरळ नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं की एकच उत्तर, आधी भिंत होऊ दे. मला वाटतं, आजाराचं नाव कानावर पडलं तर हात तिथंच थांबेल, अशी ह्यांना भीती आहे. आता तुम्हीच काय ते करा. माझं ऐकत नाहीत, तुमचं मात्र लहानपणापासून ऐकत आले आहेत.

गैरसमज नसावा, आणि आपलं माणूस समजून असंच जवळ धरावं.

तुमची,
वहिनी


१३ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनींनी सगळं कळवलं. त्यांच्यावर चिडायचं नाही, चिडायचं तर माझ्यावर. मी मुलखाची मूर्ख. एकतीस वेळा तुझा हात हलला आणि मी इथं बसून मोजत होते, वर तुला शाबासकी देत होते. कालपासून फार रडले आहे, ते सांगायला लाज वाटत नाही.

चित्रकाराला नको म्हणून कळवलं. आता ऐक, मी भिंत पाडून टाकते. कंदीलवाली पोचायच्या आधीच ती कोसळलेली असेल. तू नुसते दगड काढ, इकडे तिकडे पडलेले, कसेही. दगडांना पट्टी लागत नाही. चोरबंदरं तशीच राहतील, ती मला खरंच आवडतात. पण त्याआधी डॉक्टर. पुस्तक खड्ड्यात गेलं तरी चालेल.

रागवायचं तेवढं रागव, पण माया काढून घेऊ नकोस.

तुझी,
टकळी


२ ऑगस्ट

चि. टकळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र हाताने लिहितो आहे. तीन दिवस लागले. अक्षर लागेल तेवढं वाच, उरलेलं वहिनीला विचार.

भिंत पाडायची नाही. माझ्या हातासाठी पाडशील, हे वाचणाऱ्या पोरांना कळणार नाही, पण मला प्रत्येक पानावर कळेल. आणि भिंत आधीच पडली तर तुझी कंदीलवाली करणार काय, दगड गोळा करणार?

बारावा कागद सोबत आहे. तुझ्या वहिनीने दोन्ही हातांनी पट्टी दाबून धरली आणि मी रेघ ओढली, रोज दोन बोटं, असे सहा दिवस. चौथ्या दिवशी तिला शिंक आली आणि पट्टी सरकली. म्हणून मधे तिळाएवढी फट दिसते. ती माझी चूक नाही, हे कुठंतरी लिहून ठेव. बुजवणार होतो, मग नकाशाचं प्रमाण लावून बघितलं. सतरा वर्षांची मुलगी कुशीवर होऊन बरोबर जाते.

सोमवारी डॉक्टरकडे जाऊन आलो. आजाराला नाव आहे, भेटलीस की सांगीन. औषधाने थरथर कमी होईल, जाणार नाही, असं म्हणाले. मला भीती वाटली. येताना वहिनीचा हात धरून रस्ता ओलांडला.

भिंतीपलीकडे मी काहीच काढलेलं नाही. कागद संपला नव्हता, तिथं मुद्दाम कोरा सोडला आहे. जिन्याखालचा नियम आजपासून उलटा. अक्षराला हसू नये, लोभ मात्र पूर्वीइतकाच ठेवावा. पोरीला फटीतून ने आणि तू आधी पुढे जा. मी मागून काढत येतो.

तुझा,
दादा