चकचकीत बाजूला नाव

१ जानेवारी २००३, सकाळी
संकल्प: या वर्षी शिवांजलीला मनातलं सांगायचं. मागच्या वर्षीचा संकल्पही हाच होता, पण ऑगस्टात दाढ दुखत होती.

मुदत संक्रांतीपर्यंत. तिळगूळ देताना सोबत काहीही दिलं तरी कुणी का दिलं म्हणत नाही. घाई करणं भाग आहे. तिचे वडील, कापडवाले, काल आमच्या भांड्याच्या दुकानात बसून आप्पांना म्हणत होते, उन्हाळ्यात पोरीचं उरकायचंय, एखादं स्थळ सांगा. आप्पांनी गेवराईपासून घाटनांदूरपर्यंत सगळी पोरं आठवून पाहिली. समोर वजन करत बसलेला स्वतःचा पोरगा दिसला नाही.

२ जानेवारी
चिठ्ठी नको, चिठ्ठी सापडते. गाण्यांची सीडी द्यायची. कॅसेटचा जमाना गेला. ती कॉम्प्युटर क्लासला शिकवते, म्हणजे सीडी ऐकायची सोय तिच्याकडं आहे. माझ्याकडं नाही. पण मला कुठं ऐकायचीय, मला द्यायचीय.

४ जानेवारी, दुपारी
रईसच्या कॅसेट सेंटरला गेलतो. त्यानं सीडी रायटर आणलंय. मी अकरा गाणी निवडून नेलती. पहिल्यात ओळख, पाचव्यात विरह, अकराव्यात थेट लग्न. रईस म्हणाला, सीडीत दीडशे मावतात. अकरा गाण्यांसाठी आख्खी सीडी न्यायचं जिवावर आलं. आमच्या धंद्यात पातेल्याच्या पोटात पातेलं बसवल्याशिवाय माल हलत नाही. म्हटलं, भर बे. त्यानं कव्वाल्या भरल्या, भारुडं भरली, तासभर सनई भरली आणि शेवटी रिक्षावर लावायची कोंबडीखाद्याची जाहिरात.

बाराव्या नंबरला माझा आवाज. पहिल्यांदा खोकला आला, दुसऱ्यांदा रईसची बकरी मधे बोलली. तिसऱ्यांदा उत्तम. "शिवांजली, मी बसवेश. भांडेवाला. मला तू लई आवडतीस. उत्तर तीन दिवसांत कळवणे."

रईस म्हणाला, शेवटचं वाक्य कोर्टाच्या नोटीससारखं वाटतंय. त्याला प्रेमातलं काय कळतं. त्याचं लग्न झालेलं आहे.

९ जानेवारी
सीडीवर नाव नाही, हे बरोबर नाही. पंगतीला गेलेली आमची वाटीसुद्धा नावावरून घरी येते. रईस म्हणतो स्केचपेननं लिही. स्केचपेन पुसतं. दुकानात भांड्यांवर नाव घालायचं मशीन आहे आणि माझ्यासारखा हात पाटोद्यात कुणाचा नाही. हे अजून कुणी बोललेलं नाही, पण आहे.

सराव म्हणून अकरा स्टीलच्या चमच्यांवर "शिवांजली" घातलं. पुढं माझ्या नावापुरती जागा सोडली. चमचे गादीखाली ठेवले.

१३ जानेवारी
सीडीच्या एका बाजूला छपाई, दुसरी बाजू चकचकीत. भांड्यावर नाव नेहमी चकचकीत जागीच घालतात. घातलं. मोठं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. "ज" घालताना कट्टकन आवाज आला. थंडीमुळं असेल. दिसायला मात्र लई देखणं.

१४ जानेवारी, संक्रांत
दिली!
तिनं फिरवून बघितली. नाव पण घातलंय का, म्हणाली. मी म्हटलं, नाव घालायचं आम्ही वेगळं घेत नाही. बोलायचं होतं दुसरंच. बारावं नीट ऐक, एवढं मात्र सांगितलं. क्लासवर ऐकते म्हणाली आणि हसली. जमल्यात जमा.

१७ जानेवारी
मुदत संपली. उत्तर नाही. लाजली असणार. शिवाय क्लासची सुट्टी मी धरली नव्हती. मुदत वाढवली.

२० जानेवारी
क्लासला कुलूप. रईसनं चौकशी केली. सीडी कॉम्प्युटरमधे गरगर फिरली आणि आतल्या आत फुटली. तुकडे अडकून मशीन बंद. क्लासच्या मालक सरांनी शिवांजलीला सगळ्यांदेखत बोल लावले, तरी सीडी कुणी दिली ते तिनं सांगितलं नाही.

माझं नाव घेतलं नाही! याला प्रेम म्हणतात. रईस म्हणतो, याला भलेपणा म्हणतात. बीडहून मेकॅनिक बोलावलाय.

२३ जानेवारी
रईस म्हणाला, "आता तोंडानं सांग बे. दोन मिनिटांचं काम हाय."
पटलं. पण गाण्यांशिवाय कोरडं वाटेल. नवी सीडी करायची. नाव या वेळी छपाईच्या बाजूला. माणूस चुकांतून शिकतो.

२९ जानेवारी
नव्या सीडीचं राहिलं. तोंडानंच सांगायला गेलतो. मेकॅनिक बसलेला होता. नाव रवि. एवढ्याशा कामाला नऊ दिवस? कामचुकार दिसतो. त्यानं चिमट्यानं काढलेले तुकडे शिवांजली टेबलावर जुळवत होती आणि तो तिला "जली" शोधून देत होता. दोघं लई हसत होते. मला चहा दिला. बिस्किटं खाऊन परत आलो. वातावरण नव्हतं.

८ फेब्रुवारी
मशीन चांगलं चालतंय. तरी रवि बीडहून तपासायला येतो. असल्या हलगर्जी माणसाचं पुढं कसं व्हायचं.

२ मार्च, दुपारी
कापडवाले पेढे घेऊन आले. शिवांजलीचं जमलं. मुलगा बीडचा, कॉम्प्युटरवाला, आपल्यातलाच. आप्पांनी विचारलं, एकदम कसं काय जमलं. ते म्हणाले, कुण्या येड्यानं पोरीला फुटकी सीडी दिली, तिच्यापायी हा पोरगा आमच्या गावात आला. देव त्या येड्याचं भलं करो.

आप्पा मनापासून हो म्हणाले. मी दोन पेढे खाल्ले. गोड लागले नाहीत. लई वाईट वाटतंय.

६ एप्रिल
रुखवताची भांडी आमच्याकडूनच. प्रत्येक नगावर दोघांचं नाव. शिवांजली स्वतः पसंत करायला आलती. आप्पा आत गेल्यावर हळूच म्हणाली, "बसवेश, त्या सीडीत बारावं काय होतं? मला ऐकायचं राहूनच गेलं."

दुकानात दोघंच होतो. दोन मिनिटांचं काम होतं.

"कोंबडीखाद्याची जाहिरात," मी म्हटलं.

ती हसली. मग परातींकडं वळली.

संध्याकाळी आप्पांनी गादी झटकली. अकरा चमचे खाली पडले. उचलून वाचले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, गिऱ्हाईक यायच्या आधीच नाव घालून ठेवलंस? धंद्याचं डोकं आहे. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलं. चमचे रुखवतात धरले.

बाकीचं नाव आत्ता घालून झालं. "बसवेश" बसेल एवढी जागा सोडलती. "रवि" घातलं. अर्धी जागा उरली.