सूनबाईच्या वर्गाची तपासणी

चि. धाकटीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

आधी सांगते, सूनबाईची नोकरी टिकली. आता निवांत वाच.

ती इथे परदेशात प्राथमिक शाळेत आपली मराठी शिकवते ना, ते तपासायला काल साहेबीण आली होती. पोरांना भाषा येत नसेल तर वर्ग बंद. आठ दिवस सूनबाई पोरांकडून गाणी घोकून घेत होती. मला सोबतीला नेऊन मागच्या बाकावर बसवलं, म्हणाली, "आई, बोलू मात्र नका."

पोरांनी घोकलेली गाणी म्हटली. आपली भाषा जाणणारी ती साहेबीण जांभया द्यायला लागली. पुढची चिमुरडी सारखी नाक ओढत होती. मला राहवेना. म्हटलं, "अगं, नाक पूस आधी. आणि ताठ बसा सगळे, म्हातारी मी आहे."

अख्खा वर्ग ताठ बसला. चिमुरडी वळून म्हणते, "आजी, मला सर्दी झाली आहे. रागावू नका." हे कुठल्याच गाण्यात नव्हतं. साहेबीण भराभरा लिहायला लागली.

वर्ग चालू राहणार. मला दर मंगळवारी बोलावलंय, पोरांना रागवायला.

गुडघा बरा आहे, जिन्यावरच कुरकुरतो. तुझ्या डोळ्याचं काय झालं?

दुसरीत शाळा सोडली, आता पुन्हा जायचंय. काय नेसू, ते कळव.

तुझी,
थोरली